अदर वर्ल्ड्स अदर साउंड्स: एस्किवेलच्या १९५८ च्या रेकॉर्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही रेकॉर्ड मी ज्यांना ज्यांना ऐकवली, त्यांनी थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारले. काहींनी पहिल्याच मिनिटात विचारले, काहींनी आठवडाभराने फोन करून. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जायचं, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

ही नेमकी कुठली रेकॉर्ड?

मेक्सिकोचा पियानोवादक, संगीत संयोजक आणि वाद्यवृंदाचा प्रमुख हुआन गार्सिया एस्किवेल याने आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी हॉलिवूडमध्ये केलेली ही एलपी १९५८ साली बाजारात आली. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा अशी एकूण बारा गाणी. मोनो आवृत्तीचा क्रमांक एलपीएम-१७५३ आणि स्टीरिओचा एलएसपी-१७५३. वेष्टनावर चंद्रासारखी ओसाड, खडकाळ जमीन आहे आणि तिच्यावर लाल वस्त्रात नाचणारी एक स्त्री. नाव आणि चित्र पाहून आत रॉकेटचे आवाज असतील असं वाटतं. ते अजिबात नाहीत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण या रेकॉर्डची खरी गंमत तिथेच आहे.

नाव कसं उच्चारायचं?

एस्किवेल. आघात शेवटच्या 'वेल'वर, आणि स्पॅनिशमध्ये तो 'व' आपल्या 'ब'च्या जवळ जातो. पुढे पुढे तो फक्त आडनावानेच ओळखला जाऊ लागला, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह लावलं जाई: एस्किवेल! त्याचं संगीत ऐकल्यावर ते चिन्ह योग्य जागी आहे हे पटतं.

हा माणूस कोण?

जन्म २० जानेवारी १९१८, मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या ताम्पिको या बंदरात. तो दहाएक वर्षांचा असताना कुटुंब मेक्सिको सिटीला आलं. पियानो तो बराचसा आपला आपणच शिकला. संगीताच्या शाळेत रीतसर तालीम अशी त्याची झाली नाही. किशोरवयातच तो एक्सईडब्ल्यू या मेक्सिकोतल्या मोठ्या रेडिओ केंद्रावर वाजवायला लागला आणि विशीच्या आतबाहेर तिथल्या वाद्यवृंदाची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याच काळात तो विद्युत अभियांत्रिकीही शिकत होता.

रेडिओ आणि अभियांत्रिकी या दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेडिओवर विनोदी प्रहसनं चालायची आणि त्यांना पार्श्वसंगीत द्यायचं काम एस्किवेलकडे असे. श्रोत्याला दिसत काहीच नाही. पात्र जिन्यावरून घसरलं, दार उघडलं, नायिका लाजली, हे सगळं दोन-तीन सेकंदांच्या सुरांतून कळलं पाहिजे. ही शिस्त वर्षानुवर्षं अंगी मुरली की माणूस चाल सुद्धा दृश्यासारखी मांडतो. आणि अभियांत्रिकीमुळे मायक्रोफोन, अंतर, आवाजाची पातळी या गोष्टी त्याच्यासाठी तंत्रज्ञांच्या खोलीतल्या राहिल्या नाहीत. त्या त्याच्या वाद्यवृंदातल्या वाद्यांसारख्याच झाल्या.

१९५८ सालाचं एवढं काय?

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ अवकाशात गेला. घराघरांत अवकाशाची चर्चा होती, आणि दिव्यांच्या आकारापासून मोटारींच्या शेपटापर्यंत सगळ्यात रॉकेट शिरलं होतं. रेकॉर्ड कंपन्या तरी मागे कशा राहतील?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९५८ मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी स्टीरिओ एलपी विकायला सुरुवात केली. त्याआधी घरी ऐकायच्या तबकड्या मोनो होत्या, म्हणजे सगळा आवाज एकाच जागेतून यायचा. मोनो तबकडीच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे हलते. स्टीरिओत त्याच खाचेच्या दोन भिंती, प्रत्येक ४५ अंशांत कललेली, दोन वेगळे आवाज धरून ठेवतात. एकच सुई दोन्ही भिंतींवरून एकदम जाते आणि दोन स्पीकरांना दोन वेगळ्या गोष्टी सांगते. मूळ कल्पना इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लुमलाइनची. त्याने १९३१ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता, पण ती दुकानात पोचायला पाव शतकाहून जास्त काळ गेला.

आता लोकांनी घरातला एक स्पीकर चालू असताना दुसरा का विकत घ्यावा? त्यांना पटवायला कंपन्यांनी काय काय केलं! डावीकडून उजवीकडे जाणारी आगगाडी, या कानातून त्या कानात टप्पे खाणारा टेबलटेनिसचा चेंडू. अशा तबकड्या एकदा ऐकल्या की संपल्या. एस्किवेलची रेकॉर्डही आरसीएच्या 'लिव्हिंग स्टीरिओ' या छापाखाली, याच विक्रीच्या लाटेत आली. पण ती पुन्हा ऐकावीशी वाटते. कारण त्याने जागेचा उपयोग करामत दाखवायला केला नाही. चाल सांगायलाच केला.

मग यात अवकाश आहे तरी कुठे?

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच प्रश्नावर. आपल्या 'अवकाश' या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात: आकाशापलीकडची ती पोकळी, आणि दोन गोष्टींच्या मधली मोकळी जागा. या रेकॉर्डचं नाव पहिल्या अर्थाने घेतलं आहे. संगीत मात्र पूर्णपणे दुसऱ्या अर्थाने चालतं.

मी ती पहिल्यांदा ऐकली लोकलमध्ये, फोनवर, एका कानात इयरफोन घालून. दुसरा कान स्टेशन कळावं म्हणून मोकळा ठेवला होता. मला वाटलं, फाइल खराब आहे. चाल सुरू होते आणि मध्येच तुटते, एखादं वाक्य निम्मं म्हणून कोणी गप्प बसावं तशी. मी ती बंद केली आणि महिनाभर तिच्याकडे फिरकलो नाही.

नंतर एका रविवारी घरच्या स्पीकरांवर लावली. माझे दोन स्पीकर तेव्हा पुस्तकांच्या कपाटात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते, जागा कमी म्हणून. ऐकताना काहीतरी जाणवलं. उठलो, एक स्पीकर काढून खिडकीशी स्टुलावर ठेवला, दुसरा दाराजवळ. मधे सात-आठ फुटांचं अंतर. समोर जमिनीवर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. लोकलमध्ये जिथे शांतता होती तिथे उत्तर होतं. खिडकीतून प्रश्न, दारातून जबाब, आणि दोघांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं, तिथे पियानो. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीला तेव्हा जी खोली आली, ती मला अजून आठवते.

एस्किवेल एक वाक्य सलग एकाच वाद्याकडून क्वचितच म्हणवून घेतो. चार सूर पियानोला, पुढचे तीन ट्रॉम्बोनना, शेवटचा लांब सूर स्टील गिटारला, आणि त्यावरची टीप गायकांना. शिवाय ही सगळी मंडळी वेगवेगळ्या अंतरावर बसलेली. कोणी कानाशी येऊन बोलतं, कोणी दिवाणखान्याच्या पलीकडून हाक मारतं. ट्रम्पेट्सचा एकदम भडका उडतो आणि तत्क्षणी तोडला जातो. मागे उरलेल्या शांततेत एखादी बारीक घंटा वाजते आणि ती किती लांब आहे हे आपल्याला कळतं. ती आधीपासूनच तिथे असावी आणि भडका विझल्यामुळेच दिसली असावी, असं वाटतं.

गाणी कोणती आहेत? सगळी त्याची स्वतःची का?

नाही. बहुतेक गाणी त्या काळी अमेरिकेत प्रत्येकाला पाठ असलेली, आणि ते मुद्दाम. चाल ठाऊक असेल तरच तिचे तुकडे खोलीत इकडेतिकडे ठेवले तरी ऐकणाऱ्याच्या मनात ती जुळते. पहिल्या बाजूला 'ग्रॅनाडा', 'बिगिन द बिगीन', 'नाइट अँड डे', 'पॉइन्सियाना', 'प्लेफुली', 'आदियोस'. दुसऱ्या बाजूला 'दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक', 'नेचर बॉय', 'मॅजिक इज द मूनलाइट', 'स्पीक लो', 'बॅलेरिना', 'इट हॅड टु बी यू'.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकन कंपनीने मेक्सिकोहून बोलावलेला माणूस आपली रेकॉर्ड सुरू करतो ती आगुस्तिन लारा या मेक्सिकन संगीतकाराच्या 'ग्रॅनाडा'ने. लाराने हे स्पेनमधल्या शहराचं गाणं लिहिलं तेव्हा त्याने स्पेन पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या जागेचं गाणं, न पाहिलेल्या ग्रहांच्या रेकॉर्डवर पहिलं! आणि 'मॅजिक इज द मूनलाइट' हे मूळचं 'ते किएरो, दिहिस्ते', मारिया ग्रेवेर या मेक्सिकन संगीतकर्तीचं. म्हणजे परग्रहाच्या वेष्टनात त्याने आपलं घरही बांधून नेलं.

बाकीच्यांत कोल पोर्टर या अमेरिकन गीतकार-संगीतकाराची दोन गाणी आहेत. त्यांपैकी 'बिगिन द बिगीन' हे नेहमीच्या ३२ मात्राखंडांच्या गाण्यांपेक्षा खूप लांब, १०८ खंडांचं. पाठ करताना गायकांची दमछाक व्हायची. 'स्पीक लो' कुर्ट वाइलचं, १९४३ चं. 'इट हॅड टु बी यू' तर १९२४ चं, म्हणजे ही रेकॉर्ड निघाली तेव्हाच ते जुनं म्हणून ओळखलं जाई.

'पॉइन्सियाना'वर थोडं थांबतो. १९५८ च्याच जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात अहमद जमाल या पियानोवादकाने फक्त तीन वादकांत हेच गाणं वाजवलं आणि ते अजरामर झालं. दोन्ही लागोपाठ ऐका. जमाल वाद्यं कमी करून मोकळी जागा निर्माण करतो. एस्किवेलकडे वाद्यांची फौज आहे, तरी तो तीच मोकळी जागा राखतो, कारण फौजेला तो एका वेळी एकेकालाच बोलू देतो. एकाच वर्षात, एकाच चालीवर, दोन टोकांवरून दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचले.

गायक नेमकं काय म्हणतात? शब्दच कळत नाहीत.

शब्द बहुतेक नसतातच. 'झू-झू-झू', 'रा-रा', 'पाऊ' असे नुसते बोल. त्याच्या हॉलिवूडमधल्या कामात रँडी व्हॅन हॉर्न यांचा गायकवृंद असे. याच गायकांचे आवाज पुढे अमेरिकन कार्टून मालिकांच्या शीर्षकगीतांतून जगभर गेले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तराण्यात 'दिर दिर', 'तोम', 'तनन' यांचा अर्थ आपण कुठे विचारतो? शब्दाचं ओझं उतरलं की गळा वाद्य होतो. फरक एवढाच की तराणा लयीच्या अंगाने फुलतो आणि एस्किवेलचे गायक रंगाच्या अंगाने. ट्रम्पेटने सोडलेला सूर ते उचलतात तेव्हा दोन क्षण कळत नाही की हे पितळ आहे की गळा. कळतं तेव्हा ते गप्प झालेले असतात.

ते घसरत जाणारे सूर कुठल्या वाद्याचे? थेरेमिन का?

थेरेमिन, म्हणजे हात न लावता हवेत हात हलवून वाजवायचं विजेवरचं वाद्य, असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण अवकाशाच्या सिनेमांनी तशी सवय लावली आहे. पण ती स्टील गिटार, म्हणजे आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात त्याच घराण्यातली. तारांवरून धातूचा ठोकळा सरकवायचा, म्हणजे सुरांमधल्या पायऱ्या नाहीशा होऊन मींड उरते. एस्किवेलच्या हॉलिवूडच्या रेकॉर्डांत अल्व्हिनो रे या वादकाचं नाव येतं. तो अमेरिकेत या वाद्याचा उस्ताद मानला जाई. मुंबईच्या स्टुडिओंत व्हॅन शिपले यांनी हवाईयन गिटारला जी मानाची जागा मिळवून दिली, ती ज्यांच्या कानात आहे त्यांना हा आवाज लगेच जवळचा वाटेल.

पुढच्या काही रेकॉर्डांत एस्किवेलने ओंदिओलीन हे फ्रान्समध्ये बनलेलं विजेवरचं छोटं कळवाद्य वापरलं. त्याच्याच जातीचं फ्रेंच वाद्य म्हणजे क्लॅव्हायोलिन. ते तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी खरी पुंगी नव्हे. ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर वाजवलेली आहे. एकाच प्रकारच्या यंत्राने मुंबईत नाग डोलवला आणि हॉलिवूडमध्ये ग्रहतारे.

याला जाझ म्हणायचं का?

जाझ म्हणजे उत्स्फूर्त वादन, असं मानणाऱ्यांचं समाधान इथे होणार नाही. या रेकॉर्डवर बहुतेक सगळं आधी कागदावर लिहिलेलं आहे आणि वादकांनी ते काटेकोर वाजवलं आहे. पण पितळी वाद्यांचे थर, झुलता ठेका, ड्रमरची ढकल, गाण्यांची निवड, हे सगळं मोठ्या जाझ बँडच्या परंपरेतून आलेलं आहे. मी त्याला वाद्यवृंदाचं जाझ म्हणतो. यातली कल्पकता वादकाच्या बोटांत नाही, संयोजकाच्या लेखणीत आहे.

आणि संयोजक ही काय चीज असते हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. संगीतकार चाल देतो. दोन अंतऱ्यांच्या मधे व्हायोलिन येणार की बासरी, कुठल्या शब्दामागे कोण भरणार, कुठे सगळे थांबणार, हे ठरवणारा अ‍ॅरेंजर वेगळा. मुंबईच्या सिनेसंगीतात ही कामगिरी कितीतरी गोवेकरांनी केली. हॉटेलांत जाझ वाजवणारे, नोटेशन वाचणारे-लिहिणारे हे लोक दिवसा स्टुडिओत यायचे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केलेलं काम आठवा. मराठीत अनिल मोहिले यांचं नाव आदराने घेतलं जातं. आणि एस्किवेलची ही रेकॉर्ड निघाली त्याच १९५८ साली मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस भारतीय रागांवरच्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेत होते. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण ज्याने पडद्यामागे राहून इतरांची गाणी सजवली, त्यालाच एके दिवशी वाटावं की आता सजावट हेच माझं गाणं, ही ओढ मला दोघांत सारखीच दिसते.

हे हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं संगीत आहे ना?

'लाउंज' हे लेबल त्याला १९९० च्या दशकात चिकटलं. १९५८ मध्ये हे घरी, दिव्याखाली, मुद्दाम बसून ऐकायचं संगीत होतं. नवा स्टीरिओ घेतलेला माणूस शेजाऱ्यांना बोलावून ते ऐकवायचा. मागे मंद वाजत ठेवायला ही रेकॉर्ड अगदी निरुपयोगी आहे. गप्पा मारता मारता अचानक ट्रम्पेट्स अंगावर येतात आणि सगळे दचकतात. मी हे पाहुण्यांवर करून पाहिलं आहे. बोलणं थांबतंच. मग मी आवाज वाढवतो.

तेव्हा कोणी दखल घेतली का?

घेतली. ४ मे १९५९ रोजी ग्रॅमी पुरस्कारांचा पहिलावहिला सोहळा झाला, त्यात या रेकॉर्डला ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेसाठी नामांकन होतं. पुरस्कार मिळाला 'द चिपमंक साँग'ला, टेप जलद फिरवून खारींचे आवाज काढलेल्या नाताळच्या गाण्याला. त्यातली युक्ती चांगली आहे, मान्य. तरी माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकला.

मोनो घ्यावी की स्टीरिओ? फोनवर ऐकली तर चालेल का?

स्टीरिओ, यात शंकाच नको. स्ट्रीमिंगवर शोधताना एस्किवेलचं नाव घालून शोधा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका. दोन आवाज एकमेकांत कालवले जातात आणि उरतो तो नुसता गोंगाट. दोन्ही कानांत इयरफोन घातले तर पुष्कळ कळतं. पण उत्तम म्हणजे दोन स्पीकर. तुम्ही आणि ते दोन मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल असं बसा. भिंतीला चिकटवू नका. मधलं टीव्हीचं टेबल हलवता येत असेल तर अर्ध्या तासासाठी हलवा. आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवा, कारण यातले हळू भाग फार हळू आहेत आणि अर्धी मजा तिथे आहे.

जुनी तबकडी मिळाली तर काय पाहू?

लेबल काळं असेल आणि वर भोंग्यासमोर बसलेला तो कुत्रा. होय, आपल्या एचएमव्हीचाच. अमेरिकेत त्याच्यावर हक्क व्हिक्टर कंपनीचा होता, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचा. म्हणून दोन खंडांवर एकच कुत्रा दोन मालकांचा आवाज ऐकत बसला. स्टीरिओ प्रत असेल तर 'लिव्हिंग स्टीरिओ' ही अक्षरं शोधा.

तबकडी उजेडाकडे तिरकी धरून पाहा. बारीक केसासारखे ओरखडे असले तरी चालतात, पण खाचा करड्या दिसत असतील तर जड सुईने त्या घासलेल्या आहेत, सोडून द्या. जुन्या मोनो प्लेअरवर स्टीरिओ तबकडी लावू नका. ती सुई वर-खाली हलायला तयार नसते आणि भिंती खरवडून टाकते. आणि ऊन! मी एक चांगली प्रत मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर तासभर ठेवली होती. कडेला लाट आली. आता पहिल्या बाजूचं 'ग्रॅनाडा' प्रत्येक फेऱ्यात एकदा हेलकावतं. ती प्रत टाकवत नाही, पण लावतही नाही.

यानंतर त्याचं काय ऐकावं?

१९५९ चं 'एक्सप्लोरिंग न्यू साउंड्स', त्यात तो जास्त खेळकर आहे. 'इन्फिनिटी इन साउंड'चे दोन भाग. आणि १९६२ चं 'लॅटिन-एस्क', ज्यात त्याने वाद्यवृंदाचे दोन भाग करून त्यांना दोन वेगळ्या स्टुडिओंत बसवलं, म्हणजे डावीकडचा आवाज उजवीकडच्या मायक्रोफोनात जराही शिरू नये. दोन्हीकडचे वादक हेडफोनवर एकमेकांना ऐकत वाजवत होते. कल्पना थक्क करणारी आहे. तरी मला १९५८ ची ही रेकॉर्डच जास्त प्रिय आहे. इथे सगळे एकत्र श्वास घेतात. थोडा आवाज इकडचा तिकडे सांडतो, आणि त्या सांडण्यामुळेच खोली खरी वाटते.

मग मधल्या काळात तो कुठे हरवला?

रॉक संगीत आलं, स्टीरिओची नवलाई ओसरली. एस्किवेल लास व्हेगासला गेला आणि स्टारडस्ट हॉटेलात आपला मंचीय कार्यक्रम वर्षानुवर्षं करत राहिला. पुढे मेक्सिकोला परतला. तिथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'ओदिसेआ बुर्बुहास' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाला त्याने संगीत दिलं, आणि त्याच्या रेकॉर्डबद्दल काही माहीत नसलेली मेक्सिकोतली एक अख्खी पिढी त्याच्या सुरांवर वाढली.

मग रद्दीच्या दुकानांत आणि गॅरेज सेलमध्ये चार आण्यांच्या भावाने पडलेल्या या तबकड्या काही संग्राहकांनी उचलल्या. बायरन वर्नर या संग्राहकाने या सगळ्या प्रकाराला 'स्पेस एज बॅचलर पॅड म्युझिक' असं नाव दिलं. त्याच नावाने १९९४ मध्ये एस्किवेलच्या निवडक गाण्यांची सीडी निघाली आणि विशीतली मुलं ती घेऊ लागली. पंचाहत्तरी ओलांडलेला एस्किवेल तेव्हा कंबरेच्या दुखण्याने मेक्सिकोत अंथरुणाला खिळलेला होता. पत्रकार त्याला फोन करायचे, आणि तो त्या जुन्या रेकॉर्डांबद्दल तपशिलात बोलायचा. ३ जानेवारी २००२ रोजी मोरेलोस राज्यातल्या हिउतेपेक इथे तो गेला. पुन्हा ऐकलं जाण्याची सात-आठ वर्षं त्याला मिळाली, याचं मला फार बरं वाटतं.

पहिल्यांदा ऐकतोय. फार तुटक, विचित्र वाटतं. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. आपल्या कानाला एक सूर धरून ठेवणारा तंबोरा हवा असतो, आणि इथे दर चार सेकंदांनी रंग बदलतो. एक करून पाहा. चाल शोधू नका. एकच वाद्य धरा, समजा पियानो, आणि गाणं संपेपर्यंत फक्त तो कुठे येतो आणि कुठे गप्प बसतो तेवढं पाहा. पुढच्या वेळी गायक धरा. तिसऱ्या वेळी काही धरावं लागणार नाही.

वेळ कमी आहे. एकच गाणं ऐकायचं तर कुठलं?

'नाइट अँड डे'. चाल ओळखीची आहे, त्यामुळे ती कुठे कुठे फिरते याकडे लक्ष देता येतं. रात्री, पंखा बंद करून, दोन्ही स्पीकर लांब ठेवून. संपल्यावर लगेच पुढचं लागू देऊ नका. खोलीत थोडा वेळ काहीच वाजत नाही, तेही ऐका.